अक्काच्या खोलीतला नवरंग

अक्काचा मला हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल काही चांगलं बोलले, तर ते नाइलाजानं बोलले हे लक्षात येईल. आता ती नाही. तिचा भाचा चेन्नईहून येऊन घराला रंग देऊन गेला, आणि गल्लीतली माणसं तिचा विषय निघाला की आवाज खाली आणतात. मी आणत नाही. माणूस गेलं म्हणून त्याचा हेवा वाटायचा थांबतो, असं मला तरी दिसलेलं नाही. तिच्या तोंडावर मी तिला अहोजाहो करायचे आणि मनात अगंतुगं. मनातलंच इथे चालू ठेवते.

ती आमची घरमालकीण. तंजावूरला राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत अजून मराठी बोलणारी घरं आहेत, त्यातलं एक तिचं. खाली ती एकटी, वर आम्ही तिघं: मी, माझा नवरा आणि आमची तुळजा. नवरा इथलाच, पिढ्यान् पिढ्या तंजावूरचा मराठी. पापनाशमच्या एका शाळेत गणित शिकवतो, सकाळच्या गाडीनं जातो आणि संध्याकाळच्या गाडीनं येतो. मी चिपळूणची. पण या गल्लीच्या भूगोलात तिरुपती ओलांडलं की पुढे सगळी मुंबईच, त्यामुळे अक्का मला मुंबैवाली म्हणायची. चिपळूण मुंबईत नाही, हे मी तिला एकदा कागदावर नकाशा काढून दाखवलं. तिनं कागद नीट पाहिला आणि म्हणाली, की मग मुंबैजवळवाली म्हणायला हवं, पण ते फार लांबतं.

अक्काची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. ट्रंक कॉल जोडून द्यायची, आणि तीन मिनिटं भरली की मध्ये येऊन कॉल वाढवायचा का, असं विचारायची. पुढे लोक घरबसल्या नंबर फिरवू लागले, मग मोबाइल आले, एक्स्चेंजमधल्या वायरी भंगारात गेल्या. अक्काच्या अंगातली तीन मिनिटं मात्र गेली नाहीत. कोणीही बोलायला आलं, की ती तीन मिनिटं ऐकायची. मग हात वर करून म्हणायची, "तीन मिनिटं झालीं. वाढवायचं?" हे ती अशा सुरात विचारायची की वाढवायची कोणाची छाती होत नसे. मत मागायला आलेला एक उमेदवार दारात पाण्याच्या प्रश्नावर बोलत होता, तो अर्ध्या वाक्यात नमस्कार करून पुढच्या घरी गेला. लग्नात नवरानवरी पाया पडायला वाकली आणि फोटोवाला "अजून एक, अजून एक" करायला लागला, तेव्हाही तिनं हात वर केला होता. मी एकदा हट्टानं म्हटलं, हो अक्का, वाढवा. तिनं थोडा विचार केला, "लाइन बिझी आहे," म्हणाली आणि आत गेली.

तिचं दुसरं खूळ म्हणजे ती बोलणाऱ्याकडे बघायची नाही. मान वळवून कान पुढे करायची. तोंडाकडे पाहिलं की ऐकू येत नाही, असं तिचं म्हणणं. नव्या माणसाला हा अपमान वाटायचा. पण त्या कानातून काही सुटायचं नाही. माझा नवरा एकदा उशिरा आला आणि जिन्यावरूनच मला सांगायला लागला, की गाडी लेट होती. खालून आवाज आला, की गाडी वेळेवर आली, तूं बज्जी खाऊन आलास. खरोखर खाऊन आला होता. तोंडात घास नव्हता, हाताला वास नव्हता; नुसत्या आवाजावरून तिनं ओळखलं. मी पुढे कितीतरी दिवस नवऱ्याचा आवाज कान देऊन ऐकला, मला कधी बज्जी ऐकू आली नाही.

आणि एकदा मी माहेरच्या आठवणीनं रडून, तोंड धुऊन, अगदी हसतमुखानं तिला भाडं द्यायला खाली गेले होते. दोन शब्द बोलले असेन. तिनं काही विचारलं नाही. थोड्या वेळानं आमच्या दाराशी पायरीवर कॉफीचा पेला झाकून ठेवलेला होता. अक्का चांगली होती, असं म्हणावं लागेल. पण असं कोणी आपल्याला आरपार ऐकलं की कृतज्ञतेबरोबर थोडा रागही येतो.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आमची तुळजा मराठी बोलत नव्हती.

कळायचं सगळं. मी मराठीत सांगितलेली कामं करायची, गोष्टी ऐकायची, विनोदाला हसायची. उत्तर मात्र तमिळमध्ये. "जेवलीस का?" "साप्टेन् मा," म्हणजे जेवले. "झोपायचं का?" "वेणाम मा," म्हणजे नको. इथल्या मराठी घरांतून हे सर्रास आहे, नवरा म्हणायचा, मीही असाच होतो, येईल हळूहळू. त्याला म्हणायला काय. त्याची आई दोन गल्ल्यांपलीकडे, तिला तमिळ येतं. माझी आई चिपळूणला. रविवारी व्हिडिओ कॉल लागला की आई विचारायची, बाळा, शाळेत काय शिकवलं? तुळजा भडाभडा तमिळमध्ये सांगायची. आई हसायची, तुळजा हसायची, आणि दोघी माझ्याकडे बघायच्या. माझ्या आईला आणि माझ्या मुलीला एकमेकींशी बोलायला मध्ये मी लागत होते. फोन ठेवल्यावर मला कधी कधी जेवण जात नसे.

मी कमी प्रयत्न केले नाहीत. बडबडगीतं म्हटली, फ्रिजपासून पिठाच्या डब्यापर्यंत सगळ्यांवर मराठी नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. कधी तिच्या तोंडून एखादा मराठी शब्द आलाच, तर तो नीट करून दिला. भाताला ती काहीतरी भलतंच लिंग लावायची, मी सुधारायचे. सुधारायला नको? बी.ए.ला मराठी घेतलेली बाई मी. मग ती तो शब्द पुन्हा तोंडातून काढायची नाही, आणि आम्ही परत तमिळवर यायचो.

त्या वर्षी नवरात्रात अक्कानं नेहमीप्रमाणे कोलू मांडला. पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या, देव, वाणी, बँडवाले, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर काळा टेलिफोन, हळदकुंकू लावलेला. तुळजा प्रसादाचं सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, खायला गेली आणि तिथेच बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. कोलू उतरला तरी जात राहिली. शाळेतून आली की दप्तर वर टाकायची आणि खाली अक्काच्या खोलीत.

मला आधी बरं वाटलं, कामं उरकता येत होती. मग एकदा बोलवायला गेले, तर दार ओढून घेतलेलं. आतून अक्काचं पुटपुटणं ऐकू आलं. मला शब्द लागले नाहीत. थांबले. परत पुटपुटणं. मी हलक्या पावलांनी वर आले आणि उगाचच धुतलेली भांडी परत धुतली.

त्यानंतर मी ऐकायला लागले. पायरीवर तांदूळ निवडायला बसायचं निमित्त करायचं आणि कान खाली लावायचे. अक्काची तीन मिनिटं सगळ्या जगाला, आणि माझ्या मुलीला संध्याकाळच्या संध्याकाळ. काय बोलत असतील? माझी खात्रीच झाली, की आत ती मराठी बोलते. अक्काच्या त्या जुन्या, हेल काढलेल्या मराठीत बोलते, आणि वर येऊन माझ्याशी मुद्दाम बोलत नाही. वर आल्यावर तिला विचारलं, काय करत होता गं? "सुम्मा मा." म्हणजे काही नाही, उगीच. मुलं "उगीच" म्हणतात तेव्हा त्यात बरंच काही असतं. नवरा म्हणाला, अक्काला विचारून टाक ना सरळ. मी नाही विचारलं. समजा तिनं हो म्हटलं असतं, तर मी कुठे तोंड लपवलं असतं?

अक्काचा मी मग खराखुरा द्वेष करायला लागले, तोही बारीकसारीक गोष्टींवरून. तिच्या कॉफीचा वास जिन्यातून वर येतो म्हणून. तिचे पांढरे केस माझ्यापेक्षा दाट म्हणून. तुळजा तिच्यासारखी पाय दुमडून बसायला लागली म्हणून. मी मराठी शिकवायला जिवाचं रान केलं होतं, आणि अक्का काहीही न करता माझी मुलगी घेऊन बसली होती.

असं वर्ष गेलं, पुढचं नवरात्र येऊन गेलं.

आमच्या वरच्या व्हरांड्याला मी हट्टानं सरकत्या काचा बसवून घेतल्या होत्या. अक्कानं परवानगी देताना एवढंच म्हटलं होतं, की पुसावं लागेल. मी रोज पुसत होते. त्यात समोरचा फणस असा दिसायचा की काच आहे हे पाहुण्यांना सांगावं लागायचं. एका सुट्टीच्या सकाळी नवरा भाजी आणायला गेला होता आणि मी पोळ्या करत होते. काचेवर धप्प असा आवाज झाला. मला वाटलं, पोरांचा चेंडू. बाहेर येऊन खाली पाहिलं तर अंगणात पक्षी पडला होता.

धावत खाली गेले आणि ओळखलं. हिरवी पाठ, डोळ्यावरून काळी पट्टी, आखूड शेपटी, पोटाखाली लाल. नवरंग! चिपळूणला आमच्या परसात हा मे संपता संपता यायचा, उन्हाळी सुट्टीत आम्ही त्याची शीळ ओळखायचो. दसऱ्याच्या सुमाराला दिसेनासा व्हायचा. कुठे जातो, हे आम्ही कधी कोणाला विचारलं नव्हतं. इथे येत होता तर. माझ्या माहेराहून निघून, एवढा सगळा देश ओलांडून, माझ्याच काचेवर आपटला होता. मला अक्षरशः भरून आलं.

डोळे अर्धे मिटलेले, चोच उघडी. मी त्याला पदरात घेतलं आणि तुळजाला ओरडून सांगितलं, चमच्यात पाणी आण, कांदा आण. आमच्याकडे कोणाला भोवळ आली की कांदा फोडून नाकाशी धरतात. पक्ष्याचं नाक कुठे असतं हा विचार मी केला नव्हता. तुळजा दोन्ही घेऊन आली. मी चमचा चोचीजवळ नेला, तेवढ्यात मागून अक्काचा आवाज आला.

"चमचा खालीं ठेव."

मी म्हटलं, अक्का, बेशुद्ध पडलाय, घोटभर पाणी तरी.

"पाणी त्याच्या छातींत जाईल. कांदा पण ठेव."

तिनं आतून चपलांचं रिकामं खोकं आणलं. त्याला विणायच्या सुईनं भोकं पाडली, तळाला जुना पंचा घातला. पक्षी माझ्या पदरातून दुसऱ्या फडक्यात अलगद उचलला, आत सरळ बसवला आणि झाकण लावलं. झालं. उपचार संपले. मी विचारलं, खायला काही? ती म्हणाली, की तुज चक्कर आली तर मीं तुज जिलबी भरवीन कां? त्याला अंधार हवा आणि गप्प हवं. एक्स्चेंजच्या उंच काचांवर असे पुष्कळ आदळायचे, आम्ही अवघ्यांना खोक्यांत ठेवायचो, काही उठायचे, काही नाही उठायचे.

आणि खोकं घेऊन ती आपल्या खोलीकडे निघाली. तुळजा तिच्या मागोमाग. मीही गेले. अक्का दारात वळली.

"तूं नक्को. तूं बोलशील."

दार ओढून घेतलं. कडी लावली असती तर भांडता तरी आलं असतं.

मी बाहेर पायरीवर बसले. माझ्या गावचा पक्षी, माझी मुलगी, दोन्ही तिच्या खोलीत, आणि मी बाहेर कांदा हातात धरून. इतका हेवा मला आयुष्यात कधी कोणाचा वाटला नव्हता. धाकट्या बहिणीला मुंबईत स्वतःचा फ्लॅट झाला, तेव्हाही नाही. यात त्या बाईचं कौशल्य ते काय? खोक्यात घालायचं आणि झाकण लावायचं. हे मलाही आलं असतं; फक्त मी केलं नसतं. मी झाकण उघडून बघितलं असतं, हाक मारली असती, दाणे टाकले असते. मग मला वाटलं, मेला तर बरं होईल, अक्काची खोड मोडेल. असं मी खरंच मनात म्हटलं, आणि लगेच हात जोडले.

वर जाऊन पोळ्या उरकल्या, परत खाली आले. दाराशी तोंड नेऊन हळूच विचारलं, कसा आहे? आतून ते पुटपुटणं सुरू झालं. या वेळी मी दाराला कानच लावला. कुंभकोणम, मायावरम, विळुपुरम, मद्रास. अक्का डोळा लागता लागता स्टेशनांची नावं म्हणत होती, जशी लाइन जोडत जायची तशी. तिच्याशिवाय कोणाचा आवाज नव्हता. मला तरीही पटलं नाही. वाटलं, मी दाराशी आहे हे त्या कानाला कळलंय, म्हणून दोघी गप्प आहेत.

ऊन अंगणात उतरलं तेव्हा आत खरखर ऐकू आली. पंजे पुठ्ठ्यावर घासल्याची. दार उघडलं. अक्काच्या हातात खोकं, तुळजाच्या हातात अक्काचा पदर. आम्ही मागच्या परसात गेलो, माझ्या काचांपासून लांब. अक्कानं खोकं धुण्याच्या दगडावर ठेवलं आणि तुळजाला खूण केली. तुळजानं झाकण काढलं आणि दोन पावलं मागे आली.

नवरंग बसलेला होता. डोळे उघडे, पण उडेना. मान इकडे केली, तिकडे केली, पुन्हा तसाच. आम्ही तिघी उभ्या. मला वाटलं, आता नाही उडाला तर? मला वाटलं, तुळजाला निदान कळू दे तरी हा कोण आहे. माझ्यानं राहवेना.

"तुळजा," मी म्हटलं, "बघ, हा नवरंग. आपल्या चिपळूणहून आलाय, आजीच्या—"

तुळजानं मान वळवली नाही. पक्ष्यावरची नजर न हलवता, अगदी हळू आवाजात म्हणाली,

"आई, तूं बोलूं नक्को. तो भितो."

सात वर्षं ज्या वाक्यासाठी मी चिठ्ठ्या चिकटवल्या, ते वाक्य असं येईल असं मला वाटलं नव्हतं. सबंध वाक्य होतं, कारणासकट. इथल्या वळणाचं होतं, अक्काच्या तोंडचंच जणू. मला एकदम रडू आलं आणि त्याच क्षणी आतून जळलेही: म्हणजे खरंच, आत बसून ही तिच्याशी बोलते. पण तोंडातून मी हूं की चूं केलं नाही. नवरंग खोक्याच्या कडेवर आला, अंग फुलवलं, झाडलं, आणि जमिनीलगत सरळ रेषेत उडून भिंतीपलीकडच्या केळींत शिरला.

तुळजा भिंतीकडे पळाली आणि टाचा उंचावून पलीकडे बघायला लागली. अक्कानं खोक्यातला पंचा काढला आणि झटकून त्याची घडी घालू लागली. आता विचारायलाच हवं होतं.

मी म्हटलं, "अक्का, खोलीत ती तुमच्याशी अशीच बोलते ना? मराठीत?"

"मजशी?" अक्का म्हणाली. घडी विस्कटली, तिनं ती पुन्हा घातली. "मजशी ती बोलतच नाही. तमिळांतसुद्धा नाही. येते, बसते, बाहुल्या पुसते, जाते. मीं विचारत नाही, ती सांगत नाही."

"वर्षभर?"

"वर्षभर." तिनं भिंतीकडे पाहिलं. तुळजा अजून टाचांवर उभी होती. "मीं वाट बघत होतें, कधीतरी बोलेल म्हणून. तिचं मराठी आज पहिल्यान ऐकलं मीं. आणि बोलली ती तुजशी."

शेवटचं वाक्य तिनं ज्या सुरात म्हटलं, तो सूर ओळखायला मला अक्काचा कान लागला नाही. वर्षभर मी स्वतः त्याच सुरात बोलत होते.